नव्या रीतीचे जुने सूर

१६२१ साली व्हेनिसमध्ये दारिओ कास्तेल्लो या वादकाच्या सोनाटांचे पहिले पुस्तक छापून निघाले. हे सोनाटा ‘आधुनिक शैली’तले आहेत, असे त्याने मुखपृष्ठावरच जाहीर केले होते. १६२९ मध्ये दुसरे पुस्तक आले, त्यावरही तीच द्वाही. वादकांसाठी लिहिलेल्या एका छोट्या निवेदनात तो सांगतो की, पहिल्या बैठकीत हे सोनाटा हाताला आले नाहीत तर नाउमेद होऊ नये, सरावाने ते बसतील. आधुनिक शैली पाळायची म्हटल्यावर याहून सोपे लिहिणे शक्य नव्हते. बोलणे अदबीचे आहे, पण त्यातला तोरा लपत नाही. आज हेच सोनाटा आपल्या कानी पडतात ते मात्र प्राचीन संगीताच्या महोत्सवांतून. मंचावर तातेच्या तारांची व्हायोलिने, हार्पसिकॉर्ड, लांबलचक मानेचा थिऑर्बो, चामड्याने मढवलेला कॉर्नेटो; आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘त्या काळच्या वाद्यांवर’ अशी हमी. ज्याने नवेपणाच्या जोरावर आपले पुस्तक बाजारात आणले, त्याला आपण जुनेपणासाठी तिकीट काढून ऐकतो.

या विसंगतीकडे गंमत म्हणून पाहून पुढे जाता येईल. पण जुन्या वाद्यांच्या चळवळीचे सगळे बळ आणि सगळा धोका तिच्यातच दडलेला आहे, असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे: आरंभीच्या बरोक काळातल्या या सोनाटांना जुनी वाद्ये लागतातच. मात्र ती चारशे वर्षांपूर्वीचा नाद जसाच्या तसा परत आणतात म्हणून लागत नाहीत. कागदावर न लिहिलेले जे निर्णय त्या काळचा वादक स्वतः घेत असे, ते आजच्या वादकाला घ्यायला ती भाग पाडतात, म्हणून लागतात. हे निर्णय जो वृंद घेत नाही, त्याच्या हातातली वाद्ये कितीही अस्सल असोत, त्याचे वादन कास्तेल्लोचे नव्हे.

आधी या मंडळींचा नवेपणा कशात होता ते पाहू. सोळाव्या शतकातले वाद्यसंगीत बहुतांशी गायनाच्या सावलीत वाढले. चार-पाच सारख्या वजनाचे आवाज एकमेकांत विणत जायचे, ही त्याची रीत. जोव्हान्नी गाब्रिएलीने १५९७ मध्ये ‘सोनाटा पियान ए फोर्ते’त कुठले वाद्य, कुठे हळू आणि कुठे मोठ्याने हे नोंदवले, तेव्हासुद्धा एकमेकांना उत्तर देणारे वाद्यांचे दोन समूह हेच त्याचे साधन होते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चित्र पालटले. मांटुआच्या सालामोने रोस्सीने १६०७ मध्ये दोन वरचे आवाज आणि खाली एक खर्ज अशी मांडणी छापली. मिलानमध्ये जोव्हान्नी पाओलो चीमाच्या १६१० च्या संग्रहात व्हायोलिनसाठी लिहिलेले अगदी सुरुवातीचे सोनाटा सापडतात. ब्रेशाचा बियाजिओ मारीनी १६१७ मध्ये आपला पहिला संग्रह घेऊन आला. मधले आवाज गळाले, आणि वर एक किंवा दोन वाद्ये मोकळी सुटली. खाली खर्ज सांभाळणारा, वर बोलणारा.

आणि बोलणारा म्हणजे अक्षरशः बोलणारा. मोंतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा मांटुआत १६०७ मध्येच रंगमंचावर आला होता. १६१३ पासून मोंतेव्हेर्दी व्हेनिसच्या सान मार्को चर्चचा संगीतप्रमुख होता, आणि कास्तेल्लो व मारीनी हे दोघेही त्या संस्थेत वाजवलेले. ऑपेरातल्या पात्राने एका ओळीत विलाप करावा आणि पुढच्या ओळीत उसळून उठावे, तसे हे सोनाटा वागतात. लांब, जवळजवळ स्तब्ध स्वरांनी सुरुवात. मग न सांगता सवरता धावत सुटलेली तान. मग तीन मात्रांचे नाचरे चलन. मग एकच खर्ज धरून ठेवलेला आणि त्यावर एकट्या व्हायोलिनचे स्वगत. तुकडे छोटे, सांधे उघडे. मारीनी तर १६२९ च्या संग्रहात एका सोनाटात व्हायोलिनवादकाला वाजवता वाजवता एक तार उतरवून पुन्हा चढवायला लावतो. दुसऱ्या एका सोनाटात तिघांपैकी दोन व्हायोलिनवादकांनी श्रोत्यांना दिसू नये, म्हणजे प्रतिध्वनी खराच दुरून आल्यासारखा वाटेल, अशी त्याची सूचना आहे. कार्लो फारीनाने १६२७ मध्ये जर्मनीत, ड्रेस्डेनच्या दरबारी नोकरीत असताना, व्हायोलिनमधून कोंबडी, मांजर आणि कुत्रा बोलवून दाखवला. प्रयोगाची इतकी हौस असलेले हे संगीत ‘प्राचीन’ या शब्दाखाली गुदमरणार नाही तर काय होईल?

आता कागदाकडे वळू. हे सोनाटा आज आपण ज्याला स्कोअर म्हणतो, तसे छापले जात नसत. प्रत्येक वाद्याची वेगळी पुस्तिका असे. व्हायोलिनवाल्याच्या हाती फक्त व्हायोलिन, फगॉटवाल्याच्या हाती फक्त फगॉट. सर्वांचे सर्व काही एका पानावर कोणालाच दिसत नव्हते, त्यामुळे एकमेकांचे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. खर्जाच्या पुस्तिकेवरून ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्याला बहुतेक ठिकाणी एकच ओळ मिळे. तिच्यावर कोणते सूर रचायचे, किती भरायचे, कुठे थांबायचे, हे त्याने जागच्या जागी ठरवायचे. ऑर्गन की हार्पसिकॉर्ड, ही निवडसुद्धा कास्तेल्लो वादकावर सोडतो. एकट्या वरच्या आवाजासाठी लिहिलेल्या सोनाटात वाद्याचे नावही तो सक्तीने सांगत नाही. व्हायोलिन चालेल, कॉर्नेटोही चालेल. आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा तुरळक. अलंकार जवळजवळ नाहीतच.

अलंकार नाहीत याचा अर्थ ते वाजवले जात नव्हते असा नाही. व्हेनिसच्याच जिरोलामो दाल्ला कासाने १५८४ मध्ये आणि जोव्हान्नी बास्सानोने १५८५ मध्ये तानपलट्यांची आख्खी पुस्तके काढली होती. साध्या दोन स्वरांमधले अंतर किती परींनी भरून काढता येते, याचे ते धडे. फ्रान्चेस्को रोन्योनीचे अशाच स्वरूपाचे पुस्तक १६२० चे, म्हणजे कास्तेल्लोच्या जेमतेम एक वर्ष आधीचे. फ्रेस्कोबाल्दी १६१५ च्या प्रस्तावनेत बजावतो की, ताल काट्यावर चालवू नका. भावाप्रमाणे कुठे रेंगाळा, कुठे घाई करा. थोडक्यात, छापलेले पान म्हणजे अर्धी बाजू. उरलेली अर्धी वादकाच्या बोटांत आणि कानांत होती.

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून बंदिश वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको. स्वरलिपी पाहून राग गाता येत नाही, त्यासाठी समोर गुरू लागतो. फरक असा की, आपल्याकडे तो गुरू आहे. इटलीत नव्हता, किंवा फार लवकर नाहीसा झाला. १६३० मध्ये शाही सैन्याने मांटुआ लुटले आणि तिथली ज्यू वस्ती उद्ध्वस्त केली. ज्यू असलेल्या रोस्सीचा त्यापुढे माग लागत नाही. १६३०-३१ च्या प्लेगने व्हेनिसची सुमारे एक तृतीयांश वस्ती नेली. जोव्हान्नी बात्तिस्ता फोंताना त्याच साथीत पादुआत गेला आणि त्याचे अठरा सोनाटा १६४१ मध्ये त्याच्या पश्चात छापले गेले. क्रेमोनात व्हायोलिनकार जिरोलामो आमातीही १६३० च्या प्लेगात दगावला. कास्तेल्लोची पुस्तके १६५८ पर्यंत पुन्हा पुन्हा छापली गेली खरी, पण १६८१ पासून कोरेल्लीचे सोनाटा येऊ लागले आणि घोटीव, समतोल घाटाची चाल रूढ झाली. कॉर्नेटो हळूहळू वापरातून गेला. एकोणिसाव्या शतकात कास्तेल्लोचे पान कोणी उघडले असते, तर त्याला मोठे मोठे स्वर आणि मध्येच विचित्र धावाधाव एवढेच दिसले असते.

या तुटलेल्या ठिकाणीच जुन्या वाद्यांच्या चळवळीला अर्थ येतो. आर्नोल्ड डोल्मेच यांनी सतराव्या-अठराव्या शतकांतल्या वादनपद्धतीवरचे आपले पुस्तक १९१५ मध्ये लिहिले. ते स्वतः वाद्येही घडवत. बाझेलमध्ये १९३३ साली या संगीतासाठी स्वतंत्र शाळा निघाली. निकोलाउस हार्नोनकूर्ट व्हिएन्नाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवत होते. त्यांनी १९५३ मध्ये आपला छोटा वृंद उभा केला आणि पहिला जाहीर कार्यक्रम केला तो १९५७ मध्ये. मधली वर्षे वाद्ये समजून घेण्यात आणि तालमीत गेली. गुरू नाही म्हटल्यावर या मंडळींनी वाद्यालाच प्रश्न विचारले. आणि वाद्याने उत्तरे दिली.

ती उत्तरे कशी असतात? आजच्या गजाची रचना टोकापासून मुठीपर्यंत सारखा दाब राहावा अशी आहे. सतराव्या शतकातला गज आखूड, बाहेरच्या बाजूला वाकलेला आणि टोकाशी हलका. तो खाली ओढला की स्वर ठाम येतो, वर ढकलला की हलका पडतो. वादकाने काही ठरवायच्या आत जड-हलक्या अक्षरांची बोली तयार होते. तातेची तार पोलादी तारेसारखी लगेच बोलत नाही. तिला आधी धरावे लागते, मग ती सुटते, आणि त्या सुटण्यात व्यंजनासारखा एक आघात असतो. हनुवटीला टेकू देणारी पट्टी तेव्हा नव्हती. ती एकोणिसाव्या शतकातली. त्यामुळे डावा हात वाद्य सावरण्यात गुंतलेला राहतो आणि प्रत्येक स्वरावर सतत कंप देत राहणे सोयीचे उरत नाही. कंप जिथे द्यायचा तिथेच दिला जातो, म्हणजे तो पुन्हा अलंकार होतो. कास्तेल्लोच्या आरंभीच्या त्या लांब स्वरांना आता काय करायचे, हा प्रश्न वादकासमोर उघडा पडतो. फुगवायचा, मोडायचा, सजवायचा की तसाच उभा ठेवायचा? आधुनिक व्हायोलिनवर हा प्रश्न पडतच नाही, कारण सुरेल, भरीव, कंपयुक्त स्वर आपोआप निघतो आणि पान सुखरूप पार पडते.

इथे वाद्याच्या वयाची गफलत करू नये. स्त्रादिव्हारीने घडवलेली जवळजवळ सगळी व्हायोलिने एकोणिसाव्या शतकात उघडून पुन्हा जुळवली गेली. माना लांब आणि तिरप्या केल्या, आतली खर्जपट्टी मोठी केली, तारांचा ताण वाढवला. म्हणजे तीनशे वर्षांच्या लाकडात आज आधुनिक वाद्य नांदते, आणि एखाद्या कारागिराने गेल्या वर्षी जुन्या मापांनी घडवलेले व्हायोलिन कास्तेल्लोच्या अधिक जवळ असते. जुनेपण लाकडात नसून जुळणीत असते, हे मानले की वाद्याची पूजा करण्याची गरज उरत नाही.

सूर मिळवण्याची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळून कळावी. आजच्या पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर शुद्ध गंधार ३८६ सेंटवर येतो आणि पियानोचा ४०० वर. म्हणजे चौदा सेंट चढा. जुळलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून आपसूक ऐकू येणाऱ्या गंधाराशी ज्याचा कान बांधलेला आहे, त्याला हा चढेपणा खटकतो. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले आणि ते काही दशके उघडले नाही, त्यामागे जी तक्रार होती तिच्यात हेही कलम होतेच. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतले ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड वेगळ्या रीतीने लावले जात. त्यात गंधार शुद्ध राखला जाई आणि त्याची किंमत म्हणून पंचम सुमारे पाच सेंट उतरा ठेवला जाई. काही जोड्या मधुर, काही जवळजवळ असह्य. अशा जुळणीत कास्तेल्लोचे विसंवादी स्वर खरोखर बोचतात आणि त्यानंतरचा गंधार खरोखर विसावतो. सारख्या भागांच्या जुळणीत सगळेच थोडे थोडे बेसूर असल्यामुळे बोचणे आणि विसावणे यांतले अंतरच कमी होते. त्या नाट्याचा निम्मा भाग सुरांच्या जुळणीतच लिहिलेला आहे.

आता विरुद्ध बाजू. अमेरिकन संगीतविद रिचर्ड तारुस्किन यांनी १९८० च्या दशकापासून या चळवळीवर धारदार टीका केली. ते निबंध १९९५ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांचा मुद्दा असा की, ‘अस्सल’ म्हणून सादर होणारी चपळ, कोरडी, काटेकोर शैली ही सतराव्या किंवा अठराव्या शतकाची नसून विसाव्या शतकाची आवड आहे. स्ट्राव्हिन्स्कीच्या काळाने भावविवशतेवर जो बहिष्कार टाकला, त्याच कानांनी आपण बरोकही ऐकतो आणि वर इतिहासाचा शिक्का मारतो. ही टीका मला मान्य आहे, आणि ती खोडून काढण्याची खटपट व्यर्थ आहे. त्या काळचे ध्वनिमुद्रण नाही. त्या काळचा श्रोता तर नाहीच नाही. ज्याने कधी लाउडस्पीकर ऐकला नाही, ज्याला प्लेगची भीती रोजची होती, त्याचे कान आपल्याला कोठून मिळणार?

उलट, टीका आणखी पुढे नेता येईल. आज जगभरचे बरोक वृंद ज्या पट्टीत वाजवतात, ती साधारण ४१५ हर्ट्झची. आधुनिक ४४० पेक्षा अर्ध्या स्वराने खाली. हा आकडा बराचसा सोयीचा आहे: हार्पसिकॉर्डची पट्टी एक घर सरकवली की काम भागते. व्हेनिसचे जे जुने कॉर्नेटो आज शिल्लक आहेत, ते बहुतेक ४६५ च्या आसपास बोलतात, म्हणजे आधुनिक पट्टीच्याही वर. तेव्हा कास्तेल्लो ४१५ मध्ये वाजवणे म्हणजे त्याला पूर्ण एका स्वराने खाली उतरवणे. व्हायोलिनची चमक जाते, स्वर मंदावतो. तरीही हे सर्रास चालते, कारण बाखसाठी लावलेली वाद्ये हाताशी असतात. ‘त्या काळची वाद्ये’ या शब्दांत दीडशे वर्षांचा आणि अर्ध्या युरोपाचा काला झालेला असतो.

याहून मोठा दोष सवयीचा आहे. चळवळीची पहिली पिढी शोधत होती. नंतरच्यांना सापडलेले आयते मिळाले. कोण्या नामांकित ध्वनिमुद्रणात एका वादकाने एका जागी घेतलेली तान पुढच्या दहा वादकांच्या हातात तशीच येते. थांबण्याच्या जागा ठरून गेल्या. खर्जावर गिटारचा झणत्कार आणि डफाचा ठेका कुठे आणायचा, हेही ठरून गेले. उत्स्फूर्ततेचा देखावा तालमीत बसवला जातो. ज्या अर्ध्या पानावर वादकाने आपले लिहायचे, तिथे दुसऱ्याची नक्कल चिकटवली जाते. तारुस्किन यांची टीका इतिहासाच्या दाव्यावर होती. माझी तक्रार अशी की, दाव्याला जागण्याची हिंमतच कमी पडते.

मग जुनी वाद्ये बाजूला ठेवून आधुनिक वाद्यांवरच हे का वाजवू नये, असा प्रश्न येतो, आणि तो प्रामाणिक आहे. उत्तम आधुनिक व्हायोलिनवादक कास्तेल्लो सुंदर वाजवू शकेल. पण त्याला वाद्याच्या स्वभावाविरुद्ध जावे लागेल. सगळे स्वर सारखे काढण्यासाठी घडवलेल्या गजाकडून त्याला असमानता काढायची आहे, सलग गाण्यासाठी ताणलेल्या तारांकडून तुटक बोलणे मिळवायचे आहे. कॉर्नेटोच्या जागी आधुनिक ट्रम्पेट आला, तर व्हायोलिनची बाजू दबूनच जाते. कास्तेल्लोच्या दुसऱ्या पुस्तकातल्या सतराव्या सोनाटात दोन कॉर्नेटो आणि दोन व्हायोलिने एकमेकांना प्रतिध्वनी देतात. लाकडाचा, बोटांच्या भोकांचा, ओठांनी फुंकायचा कॉर्नेटो माणसाच्या आवाजाच्या इतका जवळ आहे की, व्हायोलिनने त्याला आणि त्याने व्हायोलिनला उत्तर देणे पटते. हे गणित वाद्य बदलले की विस्कटते. म्हणून वाद्य हवे. पण ते पुरेसे नाही.

या वादाला एक जुना साक्षीदार आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावरून गेलेला आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा उमराव आणि संगीताचा जाणकार १६२३-२४ मध्ये गोव्यात होता. म्हणजे कास्तेल्लोची दोन पुस्तके निघाली त्याच्या मधल्या काळात. त्याची प्रवासपत्रे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. रोमला परतल्यावर १६४० मध्ये त्याने आपल्या काळच्या संगीतावर एक दीर्घ पत्र लिहिले. पूर्वीचे संगीत थोर आणि आताचे हिणकस, हे म्हणणे त्याला साफ नामंजूर होते. पालेस्त्रीनाच्या कृती त्याला आदरणीय वाटत, पण त्या वापरण्यासाठी नव्हेत तर सुंदर पुराणवस्तूंसारख्या संग्रहालयात जपून ठेवण्यासाठी, असे त्याचे मत. पालेस्त्रीनाला जाऊन तेव्हा उणीपुरी सेहेचाळीस वर्षे झाली होती! कास्तेल्लोच्या पिढीचा जाणता श्रोता जुन्या संगीताकडे असा बघत होता. त्या काळाशी पूर्ण निष्ठा ठेवायची, तर जुने संगीत वाजवणेच बंद करावे लागेल.

यातून माझ्या मते एकच शहाणपणाची वाट निघते. निष्ठा नादाशी ठेवता येत नाही, कारण तो विरून गेला आहे. ती काळाशीही ठेवता येत नाही, कारण त्या काळाला जुन्याची पर्वा नव्हती. निष्ठा ठेवता येते ती कामाच्या पद्धतीशी: पुस्तिकेत एकच ओळ असताना बाकीच्यांचे ऐकून ठरवणे, रिकाम्या जागी स्वतःचे काही घालणे, आणि उद्या ते बदलण्याची तयारी ठेवणे. पुरावा जितका कसून तपासावा तितके हे स्वातंत्र्य वाढते. बास्सानोचे तानांचे पुस्तक ज्याने खरोखर घोटले आहे, त्याला दुसऱ्याची तान उचलावी लागत नाही. विद्वत्ता आणि उत्स्फूर्तता यांचे वैर असल्याची समजूत या संगीताच्या बाबतीत तरी चुकीची आहे.

श्रोत्यालाही यात काम आहे. कास्तेल्लोच्या मूळ छापील पुस्तिकांच्या प्रती आज इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतात आणि ध्वनिमुद्रणांचा तर तोटा नाही. त्याच्या दुसऱ्या पुस्तकातला दुसरा सोनाटा घ्या, एकट्या वरच्या आवाजासाठी लिहिलेला. एकदा तो व्हायोलिनवर ऐका, एकदा कॉर्नेटोवर, मग तिसऱ्याच कोणाकडून. सुरुवातीच्या लांब स्वरांचे प्रत्येकाने काय केले, तिकडे लक्ष द्या. तिन्ही वेळा वेगळे ऐकू आले, तर कास्तेल्लोची आधुनिक शैली अजून चालू आहे असे समजा. तिन्ही वेळा तेच ऐकू आले, तर वाद्ये किती जुनी आहेत याची चौकशी करण्याचे कारण नाही.